‘मोर फास्ट’ का चुकतं?

प्रश्न: माझी मुलगी आठवीला आहे. परवा चाचणीत तिनं ‘शी रन्स मोर फास्ट दॅन मी’ लिहिलं तर बाईंनी लाल रेघ मारली, आणि त्याच्याच खाली ‘स्पीक मोर स्लोली’ला बरोबरची खूण. मग ‘अर्ली’ला पण शेवटी ली आहे म्हणून तिनं ‘मोर अर्ली’ लिहिलं तर तेही चूक! मी स्वतः मराठी माध्यमातली, तिला काय सांगू तेच कळेना. आणि फास्टेस्टच्या आधी ‘द’ लावायचा का नाही?
– एक आई, कोरेगाव

उत्तर: ताई, ही चूक मराठीतून येते, तिला रागावू नका. आपण मराठीत मूळ शब्दाला हातच लावत नाही, ‘माझ्यापेक्षा जास्त जोरात पळते’, ‘सगळ्यात जोरात पळते’ असं म्हणतो, जोरात आहे तसाच राहतो, म्हणून इंग्रजी लिहिताना पण पोरांना आधी ‘मोर’च सुचतं.

तिला शेवटचं ली काढून बघायला सांगा. स्लोलीतलं ली काढलं की स्लो उरतं, केअरफुलीतलं काढलं की केअरफुल, म्हणजे विशेषणाला ली जोडून तो शब्द झालाय, अशाला मोर आणि मोस्ट. फास्ट, हार्ड, लेट, सून यांना ली नाहीच, मग शब्दालाच शेपूट जोडायचं, फास्टर, फास्टेस्ट. आता अर्लीतलं ली काढा, मागं कुठलंच विशेषण उरत नाही, तो शब्द अख्खाच विशेषण म्हणून पण आणि क्रियाविशेषण म्हणून पण चालतो, म्हणून अर्लियर, अर्लिएस्ट. लोक बोलताना ‘स्पीक स्लोअर’ पण म्हणतात, ते ऐकू येईल, पण पेपरात मोर स्लोलीच लिहू दे. आणि हार्डचं हार्डली करू नका हं, हार्डली म्हणजे जेमतेम, ‘शी वर्क्स हार्डली’ लिहिलं तर कष्टाळू पोरगी आळशी वाटायला लागते.

उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं घ्या, पोरांच्या लगेच डोक्यात बसतं. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत, पळली, प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंद, तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम, आणि फायनलला ९ मिनिटं २२.७४ सेकंद, म्हणजे फायनलपेक्षा ती आधीच्या फेरीत ‘फास्टर’ पळली. पुढं २०२३ ला बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत भारताच्याच पारुल चौधरीनं ९ मिनिटं १५.३१ सेकंदांत तीच शर्यत पळून विक्रम मोडला. या तीन वेळांत ‘पारुल रॅन द फास्टेस्ट’. इथला ‘द’ काढून नुसतं ‘पारुल रॅन फास्टेस्ट’ म्हटलं तरी बरोबरच, कारण हा शब्द क्रियापदाबद्दल सांगतोय. पण ‘द फास्टेस्ट रनर’ म्हणताना तो रनरबद्दल सांगतो, तिथं ‘द’ पाहिजेच.

वेलचं बेटर, बेस्ट आणि बॅडलीचं वर्स, वर्स्ट, हे पाठच करायचं, तिथं दुसरा इलाज नाही.

राहिलं ‘मोर फास्टर’, तिनं अजून लिहिलं नसेल तर लिहील, म्हणून आधीच सांगते. आपल्याकडचे ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ हे शब्द बघा, संस्कृतात ज्येष्ठ म्हणजेच सगळ्यात मोठा, श्रेष्ठ म्हणजेच सगळ्यात उत्तम, ‘सगळ्यात’ त्या शब्दाच्या पोटातच आहे. हा इष्ठ आणि इंग्रजीतला एस्ट एकाच जुन्या मुळातून आलेत, मला तर हे वर्गात सांगताना दरवेळी आनंद होतो! मराठीत पुढं सर्वश्रेष्ठ रुळलं, कुणाला खटकत नाही. इंग्रजीत मात्र एस्ट लागलं की मोस्ट नको आणि अर लागलं की मोर नको. आज संध्याकाळी तिला घरातल्याच माणसांवर पाच वाक्यं करायला लावा, कोण सगळ्यात आधी उठतं, कोण जास्त हळू जेवतं, आणि प्रत्येक शब्दाला आधी ली काढून बघू दे.