जुलाबांच्या आधी तारखा

प्रिय डॉक्टर,

तुझं पत्र वाचलं. गर्भाशयमुखाचा कॅन्सर परत आलेली बाई, पंधरा दिवस जुलाब, आणि केस पेपरवर तू लिहिलंस, ‘रेडिएशनमुळे’. असेलही. पण ‘रेडिएशनमुळे’ आणि ‘आजार वाढला’ ही दोन उत्तरं आपल्याकडे फार लवकर तोंडात येतात, आणि एकदा आली की पुढचं शोधायचं राहून जातं.

आधी तारखा मांड. रेडिएशन कधी संपलं, ब्रॅकीथेरपी (आतून दिलेलं रेडिएशन) झाली का, केमोचं शेवटचं सायकल कधी, सोबत बेव्हॅसिझुमॅब (गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटू न देणारं औषध) किंवा पेम्ब्रोलिझुमॅब (इम्युनोथेरपी) होतं का. रेडिएशन चालू असतानाचे जुलाब बहुधा काही आठवड्यांत थांबतात. उशिराचा त्रास काही महिन्यांनी, कधी कित्येक वर्षांनी सुरू होतो, कारण आतड्याच्या बारीक रक्तवाहिन्या बंद होत जातात आणि भिंत कडक होते. केमोनंतर आठवड्या-दोन आठवड्यांत ताप, उजवीकडे खाली दुखणं आणि न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) 500 च्या आत असतील, तर न्यूट्रोपेनिक एन्टेरोकोलायटिस, म्हणजे या पेशी घटल्यावर येणारी आतड्याची गंभीर सूज, धरूनच चाल. लगेच अँटिबायोटिक आणि सीटी. एनिमा आणि कोलोनोस्कोपी नको. पेम्ब्रोलिझुमॅब चालू असेल तर कोलायटिस (मोठ्या आतड्याची सूज) शेवटच्या डोसनंतर महिन्यांनीही येऊ शकतो.

मॉर्फिनवर असलेल्या बाईचे ‘जुलाब’ ऐकलेस, तर गुदद्वारातून बोट घालून तपास. घट्ट मळ साचून बाजूने पाणी झिरपत असतं आणि आपण वर जुलाब थांबवणारं लोपेरामाइड देत बसतो. ही तपासणी टाळायला नेहमी काहीतरी सबब सापडते. करच.

फिस्टुलाबद्दल, म्हणजे दोन अवयवांमध्ये पडलेल्या नको त्या वाटेबद्दल, थेट विचारावं लागतं. बायका आपणहून सांगत नाहीत. ‘अंगावरून घाण वासाचं पाणी जातं’ एवढंच म्हणतात आणि आपण इन्फेक्शन म्हणून गोळ्या लिहितो. ‘पुढच्या वाटेने वारा सरतो का? त्या पाण्यात शौचाचा रंग दिसतो का?’ असं विचार, नातेवाइकांना बाहेर बसवून. बेव्हॅसिझुमॅबवर 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आतडं आणि योनी यांच्यातला फिस्टुला औषध घेणाऱ्या 8.3 टक्के जणींना झाला, न घेणाऱ्यांत 0.9 टक्के. तो झालेल्या सगळ्यांना आधी ओटीपोटावर रेडिएशन मिळालेलं होतं. संशय आला की औषध थांबव. पोट अचानक दुखायला लागलं तर आतड्याला छिद्र पडल्याचा विचार कर, आणि ती स्टेरॉइडवर असेल तर पोट मऊ लागलं म्हणून निश्चिंत होऊ नकोस.

रेडिएशन झालेल्या गुदाशयातून रक्त जात असेल तर सिग्मॉइडोस्कोपी (मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाची दुर्बिणीने तपासणी) जरूर करून घे, पण पुढच्या भिंतीची बायोप्सी सहज म्हणून घेऊ देऊ नकोस. ती जखम भरत नाही, तिथूनच फिस्टुला होऊ शकतो. निकालाने उपचार बदलणार असेल तरच तुकडा घ्यावा.

आतडं अडल्यावर रेडिएशनने आलेलं आकुंचन की वाढलेला आजार, हा खरा अवघड प्रश्न. रेडिएशनच्या क्षेत्रातल्या आतड्याची लांबवर, सारखी जाड झालेली भिंत आकुंचनाकडे झुकवते. गाठी आणि जलोदर आजाराकडे. दोन्ही एकत्रही असतात. पेट स्कॅनवर सूजही चमकते, म्हणून नुसत्या चमकण्यावरून घरच्यांना काही सांगू नकोस.

तुझ्या या बाईसाठी: मळात क्लोस्ट्रिडिऑइडीस डिफिसिल (जुलाब घडवणारा जंतू, पूर्वीचं नाव क्लोस्ट्रिडियम डिफिसिल) याची तपासणी, रक्ताचा काउंट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम आजच पाठव. सिस्प्लॅटिन (केमोचं औषध) आणि जुलाब दोन्ही मॅग्नेशियम उतरवतात, आणि ते भरल्याशिवाय पोटॅशियम वर येत नाही. हे सगळं नीट निघालं, तर पित्ताम्लांमुळे (पित्तातल्या आम्लांमुळे) होणारे जुलाब बघ. शेवटच्या लहान आतड्याला रेडिएशन लागलं की पित्ताम्लं परत शोषली जात नाहीत, बी-12 सुद्धा घटतं. पित्ताम्लं बांधून ठेवणारं कोलेस्टिरामिन देऊन बघता येतं. बाकीच्या गोळ्या त्याच्या किमान तासभर आधी द्यायला सांग. रिपोर्ट आले की फोन कर.

तुझा,
सर