स्ट्रेप्टोकोकसवर काम सुरू करताना

सुरुवातीलाच या जिवाणूंच्या जनुकक्रमाच्या मागे लागू नकोस, आधी ब्लड अगारच्या (जिवाणू वाढवायच्या, रक्त मिसळलेल्या माध्यमाच्या) प्लेटा बघ. वसाहतीभोवती स्वच्छ वलय आहे की हिरवट छटा, हे डोळ्यांना सहज कळायला हवं. रेबेका लान्सफिल्ड यांनी १९३३ मध्ये मांडलेली, पेशीभित्तिकेतल्या प्रतिजनांवरून केलेली 'ए', 'बी' अशी गटवारी आजही रोज लागते.

प्रतिजैविकांना होणाऱ्या प्रतिकाराबद्दल बोलताना प्रजातींची सरमिसळ करू नकोस. 'ए' गटाचा स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिस अजूनही पेनिसिलिनला दाद देतो. न्यूमोकोकस (स्ट्रेप्टोकोकस न्यूमोनिये) मात्र पेनिसिलिन ज्या प्रथिनांना चिकटतं तीच बदलतो, आणि त्यासाठी लागणारे जनुकांचे तुकडे शेजारच्या स्ट्रेप्टोकोकसकडून उचलतो! मला हा भाग सगळ्यात विलक्षण वाटतो. एरिथ्रोमायसिनला प्रतिकार दिसला, तर शेजारी क्लिंडामायसिनची चकती ठेवून डी-टेस्ट करच, म्हणजे क्लिंडामायसिनभोवतीचं वलय एरिथ्रोमायसिनच्या बाजूने चपटं होऊन 'D'सारखं दिसतं का ते बघ. नाहीतर क्लिंडामायसिनला असलेला दडलेला प्रतिकार नजरेतून सुटतो.

लशींकडे वळलास तर १९ए हा न्यूमोकोकसचा सिरोटाइप (बाहेरच्या आवरणावरून ठरणारा प्रकार) नीट अभ्यास. २००० साली अमेरिकेत न्यूमोकोकसच्या सात सिरोटाइपवरची लस आली, ते सात घटले आणि लशीत नसलेला १९ए वाढला. म्हणून लशीआधीचे आणि नंतरचे, दोन्ही काळांतले नमुने उणे ८० अंशांवर जपून ठेव आणि प्रत्येकावर तारीख घाल.