पत्रातले २८ हजार आणि खरे ३६ हजार

प्रश्न: आम्ही मूळचे वसईचे, कॅथलिक. सध्या न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगी यंदा कॉलेजला जाईल. पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान बेनेडिक्टाइन लिबरल आर्ट्‌स कॉलेजनं (१,२०० विद्यार्थी) वर्षाला २६,००० डॉलरची शिष्यवृत्ती दिली आहे. त्यांचा एकूण खर्च ६२,००० असला तरी ‘तुम्ही भरायचे २८,०००’ असं पत्रात लिहिलंय. रटगर्स या इथल्या सरकारी विद्यापीठात, न्यू ब्रन्सविकमध्येही प्रवेश मिळालाय. तिथे फी आणि राहणं-जेवण मिळून ३४,००० होतात, पण सवलत काही नाही. मुलीला मानसशास्त्र शिकायचंय. आमचं दोघांचं उत्पन्न १,४८,०००, तिच्या ५२९ खात्यात (शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात) ७४,००० आणि दरमहा १,२०० बाजूला पडतात. धाकटा आठवीत आहे. वसईच्या आजीची फार इच्छा आहे की नातीनं कॅथलिक कॉलेजातच जावं. वेळ पडली तर वाडीतला आमचा वाटा विकायची तयारी आहे. काय करावं?

उत्तर: आधी ते पत्र नीट वाचू. ६२ हजारांतून शिष्यवृत्तीचे २६ हजार गेले की ३६ उरतात. पत्रात २८ दिसतात, कारण त्यांनी आणखी दोन आकडे वजा केलेत: ५,५०० चं फेडरल कर्ज आणि २,५०० चं वर्क-स्टडी. कर्ज मुलीला व्याजासकट फेडायचंय, म्हणजे ती सवलत नव्हे. वर्क-स्टडीचे पैसे तर बिलातून वजाच होत नाहीत. लायब्ररीत किंवा ऑफिसात तास भरले की ते पगार म्हणून हातात येतात, आणि तास मिळाले नाहीत तर येतही नाहीत. तेव्हा पहिल्या वर्षाची खरी तुलना ३६ विरुद्ध ३४ अशी आहे. कॉलेज सहा हजारांनी स्वस्त नाही, दोन हजारांनी महाग आहे.

पुढच्या वर्षांत हा फरक वाढतो, आणि बहुतेक पालक तो धरतच नाहीत. शिष्यवृत्ती चारही वर्षं २६ हजारांवर थांबलेली, खर्च मात्र दरवर्षी चढता. चार टक्के वाढ धरली तर दुसऱ्या वर्षी ६२ चे ६४,४८० होतात आणि तुमचा वाटा ३६,००० वरून ३८,४८० वर जातो. कॉलेजची वाढ चार टक्के, तुमच्या खिशाला बसणारी जवळपास सात. चौथ्या वर्षी हाच वाटा ४३,७४० च्या आसपास असेल. चार वर्षांची बेरीज १ लाख ५९ हजार. रटगर्सलाही तोच चार टक्क्यांचा दर लावला तर १ लाख ४४ हजार. फरक पंधरा हजारांचा.

त्यात बारीकसारीक घाला. पुस्तकं आणि येण्याजाण्याचे तिकडे वर्षाला अडीच हजार धरतो, रटगर्सला बाराशे. चार वर्षांत पाच हजारांहून थोडा जास्त फरक. शिवाय दोन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना राज्यातल्याच कॉलेजची ट्यूशन (शिक्षणाची फी) भरली तर न्यू जर्सीच्या कररिटर्नमध्ये १०,००० पर्यंत वजावट मिळते. तुमच्या टप्प्यात त्याचे वर्षाला साडेपाचशे वाचतात. पेनसिल्व्हेनियाला ती वजावट नाही. सगळं मिळून कॉलेज साधारण २२ हजारांनी महाग पडतं. मुलगी घरूनच रटगर्सला जाणार असेल तर हिशेब पार बदलतो, पण तुम्ही वसतिगृह धरून विचारलंय, म्हणून त्यात शिरत नाही.

आता पैसा कुठून. ५२९ मधले ७४ हजार. दरमहा १,२०० प्रमाणे चार वर्षांचे ५७,६००. मुलीच्या नावावरचं फेडरल कर्ज पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५००, मग दोनदा ७,५००, म्हणजे २७,०००. आणि अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी टॅक्स क्रेडिट, म्हणजे करातून थेट मिळणारी सूट, वर्षाला २,५०० म्हणजे १०,०००. हे क्रेडिट हातचं जाण्याचं नेहमीचं कारण एकच असतं: सगळी फी ५२९ मधून भरली जाते. क्रेडिटसाठी वर्षाला ४,००० डॉलरची ट्यूशन किंवा पुस्तकं ५२९ च्या बाहेरच्या पैशातून भरलेली असावी लागतात. एकाच खर्चावर दोन्ही लाभ मिळत नाहीत. दरमहाच्या बचतीतून किंवा मुलीच्या कर्जातून ते ४,००० भरा, पावती ठेवा, ५२९ चे पैसे उरलेल्या फीला आणि राहण्या-जेवणाला वापरा. ५२९ मधून पैसे ज्या कॅलेंडर वर्षात काढाल त्याच वर्षात तो खर्च झालेला हवा. डिसेंबरात काढून जानेवारीत फी भरली की घोळ होतो.

एकूण १ लाख ६८ हजार ६०० उभे राहतात. कॉलेजचा खर्च वरच्या सगळ्यासकट १ लाख ६९ हजार. म्हणजे जमतं, पण काठावर, आणि मुलीचं कर्ज पूर्ण २७ हजार वापरून. रटगर्सला गेली तर तेच कर्ज साडेपाच हजारांच्या आसपास राहील. २०२५-२६ मध्ये या कर्जाचा दर ६.३९ टक्के होता. शिकत असतानाचं व्याज धरून २७ चे ३१-३२ हजार होतात. दहा वर्षांत फेडायचे म्हटले तर महिना साडेतीनशेच्या पुढे.

साडेतीनशे डॉलर कुणाला फार वाटणार नाहीत. पण तुमच्या मुलीला मानसशास्त्र शिकायचंय. नुसत्या पदवीवर थेरपिस्टचं लायसन्स मिळत नाही, मास्टर्स तरी करावंच लागतं. १ जुलै २०२६ पासून नव्यानं पदव्युत्तर शिक्षणाला जाणाऱ्यांना ग्रॅज्युएट प्लस हे जादा फेडरल कर्ज बंद आहे. फेडरल कर्ज वर्षाला २०,५०० पर्यंतच. वरचं खासगी बँकेकडून, तुमच्या सहीनं. म्हणून पदवीच्या पातळीवरचं कर्ज कमी ठेवणं हे तिच्या बाबतीत इतरांपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. वसईच्या आजीला हे सांगायला हरकत नाही: रटगर्सच्या परिसरातही कॅथलिक सेंटर आहे, मिसा होते.

पेरेंट प्लस, म्हणजे पालकांच्या नावावरचं फेडरल कर्ज, मात्र घेऊ नका. २०२५-२६ मध्ये त्याचा दर ८.९४ टक्के आणि वर चार टक्क्यांहून जास्त प्रोसेसिंग कापणी होती. नव्या नियमानं ते एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० पर्यंतच मिळतं, पण तुम्हाला त्याच्या जवळही जायची गरज नाही.

वाडीबद्दल. २२ हजारांच्या फरकासाठी वाडी विकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते भावनेपोटी नाही. ती सातबाऱ्यावर शेतजमीन असेल तर तुम्ही ती फक्त भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकू शकता. अनिवासी विक्रेता म्हटल्यावर घेणाऱ्याला टीडीएस कापावा लागतो. कमी कापणीचा दाखला आधी काढला नसेल तर तो नफ्यावर नाही, पूर्ण रकमेवर कापला जातो. परतावा मिळेपर्यंत पैसे अडकले. मग एनआरओ (अनिवासींच्या भारतातल्या) खात्यातून पैसे बाहेर काढायला सीएचं प्रमाणपत्र. आणि खरा दणका इथे, अमेरिकेत: विक्रीचा नफा तुमच्या त्या वर्षीच्या उत्पन्नात धरला जातो. वर सांगितलेलं क्रेडिट जोडीनं रिटर्न भरणाऱ्यांना १,६०,००० उत्पन्नापर्यंत पूर्ण मिळतं आणि १,८०,००० ला संपतं. तुम्ही १,४८,००० वर आहात. २२ हजारांचा नफा दाखवला की क्रेडिट अर्धं, ३२ हजारांचा दाखवला की शून्य. शिवाय फाफ्सा, म्हणजे फेडरल मदतीचा अर्ज, दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न बघतो. आज आठवीतला धाकटा कॉलेजला निघेल तेव्हा त्याच्या अर्जाला लागणाऱ्या वर्षात ही विक्री येऊ देऊ नका. आणखी एक: राहतं घर फाफ्सात धरत नाहीत, पण वसईतली जागा, तुमच्या नावावर असेल तर, गुंतवणूक म्हणून दाखवावी लागते. अर्जात दाखवली होती का बघा, नसेल तर दुरुस्ती करा.

पगारवाढीमुळे १,६०,००० ओलांडायची वेळ आली तर ४०१(के) या नोकरीतल्या निवृत्ती खात्यात रॉथऐवजी (त्यात कर भरून झालेले पैसे जातात) पारंपरिक प्रकारात जास्त टाका, उत्पन्न खाली येतं.

आता कॉलेजबद्दल. १,२०० विद्यार्थ्यांच्या कॉलेजात पैसे गुंतवताना ते चार वर्षं टिकेल का, हा प्रश्न लाजून टाळायचा नाही. ओकलंडची होली नेम्स युनिव्हर्सिटी आणि मिलवॉकीजवळची कार्डिनल स्ट्रिच २०२३ मध्ये बंद झाल्या. फिलाडेल्फियाजवळची कॅब्रिनी, ऑल्बनीचं कॉलेज ऑफ सेंट रोझ आणि ओहायोतलं नोत्र दाम कॉलेज २०२४ मध्ये गेले. रोझमाँट कॉलेज व्हिलानोव्हात विलीन होतंय. सगळी संन्यासिनींनी वा धर्मसंघांनी उभी केलेली, कॅथलिक परंपरेची नावं. कारण साधंच आहे. या कॉलेजांचं उत्पन्न बहुतांशी फीवर, फी मोठ्या सवलती देऊन मिळवायची (खासगी कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या ट्यूशनवर सरासरी सवलत ५६ टक्क्यांच्या आसपास आहे), आणि ईशान्य व मध्यपश्चिमेत अठरा वर्षांची मुलंच कमी होत चाललीत. तुमच्या मुलीला मिळालेली मोठी शिष्यवृत्ती हीसुद्धा त्याच स्पर्धेची खूण आहे.

कॉलेज बंद पडलं तर फेडरल कर्ज काही अटींवर माफ होऊ शकतं. रोख भरलेले आणि ५२९ मधून गेलेले पैसे परत येत नाहीत. दुसरं कॉलेज पूर्ण झालेल्या कोर्सचे क्रेडिट्स घेईल, पण सगळे घेईलच असं नाही, आणि २६ हजारांची शिष्यवृत्ती सोबत येत नाही.

तपास घरबसल्या एका संध्याकाळी होतो. कॉलेज नॅव्हिगेटर या सरकारी संकेतस्थळावर विद्यार्थीसंख्या आणि पहिल्या वर्षानंतर परत येणाऱ्यांचं प्रमाण बघा. मागची वर्षं शिक्षण खात्याच्या आकडेवारीच्या साठ्यात, आयपेड्‌सवर मिळतात. दरवर्षी संख्या घसरतेय का? शिक्षण खातं प्रत्येक खासगी कॉलेजला आर्थिक जबाबदारीचा उणे १ ते ३ असा गुणांक देतं. १.५ च्या खाली असेल तर सावध. मिडल स्टेट्‌स ही मान्यता देणारी संस्था आहे, तिच्या यादीत कॉलेजच्या नावापुढे ‘वॉर्निंग’ किंवा ‘प्रोबेशन’ लिहिलंय का बघा. प्रोपब्लिका या संकेतस्थळावर फॉर्म ९९० (ना-नफा संस्थांचं वार्षिक विवरणपत्र) मिळाला तर सलग तीन वर्षं खर्च उत्पन्नापेक्षा जास्त आहे का तपासा. धर्मसंस्थेशी जोडलेल्या काही संस्था तो भरत नाहीत. तसं असेल तर ऑडिट केलेला ताळेबंद सरळ मागा. कॉलेजनं बॉण्ड काढले असतील तर तो ताळेबंद एम्मा या बॉण्डच्या कागदपत्रांच्या संकेतस्थळावर असतोच. ताळेबंदात दात्यांच्या अटींविना मोकळी असलेली शिल्लक किती, एवढाच आकडा शोधा. इमारती मोजू नका, पगार इमारतींतून होत नाहीत.

आणि आता ‘जमेल का’ हा प्रश्न, कारण न जमून दुसऱ्या वर्षी बदली घेणं हा सगळ्यात महाग पर्याय आहे. ‘कॅथलिक’ या पाटीखाली फार वेगवेगळी कॉलेजं येतात. कॅलिफोर्नियातल्या थॉमस अक्वायनस कॉलेजात स्वतंत्र मुख्य विषयच नाहीत, सगळ्यांना एकच अभ्यासक्रम. व्हर्जिनियातलं ख्राइस्टेंडम सरकारी मदत घेतच नाही, म्हणजे तिथे फेडरल कर्जही नाही. बेनेडिक्टाइन कॉलेजं सहसा इतकी टोकाची नसतात, पण ईश्वरशास्त्र आणि तत्त्वज्ञानाचे काही कोर्स सक्तीचे असतात. ते किती, आणि मुलीच्या एपीच्या (शाळेतच दिलेल्या कॉलेज-पातळीच्या परीक्षांच्या) गुणांमुळे त्यातले किंवा इतर कोर्स सुटतात का, हे रजिस्ट्रारकडून लेखी घ्या.

मानसशास्त्र विभागात पूर्ण वेळ प्राध्यापक किती, ते मोजा. तीन असतील आणि एक जण रजेवर गेला तर विषयाचे कोर्स वर्षाआड येतात आणि पदवी लांबते. जास्तीचं एक सेमिस्टर म्हणजे, शिष्यवृत्ती चालू राहिली तरी, तुमचे बावीस-तेवीस हजार. छापील माहितीपुस्तिकेवर विसंबू नका. मागच्या चार सेमिस्टरची प्रत्यक्ष वेळापत्रकं मागा. चार वर्षांत पदवी घेणाऱ्यांचं प्रमाण विचारा. सहा वर्षांचा आकडा सगळे पुढे करतात. लहान कॉलेजचा खरा फायदा इथेच असतो: पहिल्या वर्षापासून प्राध्यापकाबरोबर संशोधन, आणि मास्टर्सला लागणारी ओळखून लिहिलेली शिफारसपत्रं. रटगर्सला ते मिळवावं लागतं, मागे लागून. लाजऱ्या मुलीला हा फरक पैशांपेक्षा मोठा असू शकतो.

मुलीला एकटीला एक रात्र तिथे राहू द्या, शुक्रवारची. शनिवारी दुपारी कॅम्पसवर कोण दिसतं ते तिनं बघावं. सगळे घरी गेलेले असतील तर लांब घर असलेल्या मुलीची पंचाईत होते. वसतिगृहात किती वर्षं राहणं सक्तीचं तेही विचारा. लहान कॉलेजांत तीन-चार वर्षं असतं, म्हणजे बाहेर स्वस्त खोली घेऊन वाचवायची सोय नाही.

मग १ मे च्या आत प्रवेश कार्यालयाला एका पानाचं ई-मेल लिहा, मुलीच्या नावानं. त्यात रटगर्सचं पत्र जोडा आणि नेमका आकडा मागा: वर्षाला ४,००० जास्त, चारही वर्षं. तेवढे नाही म्हणाले तर ट्यूशन पहिल्या वर्षाच्या दरावर गोठवता येईल का विचारा. सोबत शिष्यवृत्तीच्या अटी लेखी घ्या: किती जीपीए (गुणांची सरासरी) लागतो, घसरला तर एक सेमिस्टरची मुदत मिळते का, आणि गेल्या वर्षी किती जणांची दुसऱ्या वर्षी टिकली. चर्चकडून किंवा कॅथलिक पुरुषांची संघटना असलेल्या नाइट्‌स ऑफ कोलंबसकडून काही मिळणार असेल तर तेवढी रक्कम ते स्वतःच्या शिष्यवृत्तीतून कापणार का, हेही विचारा. काही कॉलेजं कापतात.

चार हजार वाढवून मिळाले आणि ताळेबंद ठीक निघाला तर फरक सहा हजारांवर येतो. मुलीला शनिवारची ती दुपार आवडली असेल तर तेवढे देऊन मोकळे व्हा. वाढवून मिळाले नाहीत, तर माझं मत रटगर्स. गुणांक १.५ च्या खाली असेल तर शिष्यवृत्ती दुप्पट केली तरी नको. डिपॉझिट एकाच ठिकाणी भरा, ते परत मिळत नाही. आणि कुठेही गेली तरी ऑगस्टच्या बिलात कॉलेजचा आरोग्यविमा आपोआप लावलेला असू शकतो. घरचा विमा त्या गावात चालत असल्याचा पुरावा देऊन तो दरवर्षी मुदतीत काढून घ्या.