उत्तर : ‘मोन्तेपुल्चानो’ हा वाण की गाव?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण अकरा वर्षांपूर्वी मी हाच घोळ घातला होता आणि तो निस्तरायला मला नऊ आठवडे लागले होते. तुम्ही पुण्यातील एका लहान आयातदाराकडे नुकतेच रुजू झाला आहात, इटलीहून येणाऱ्या दोन वाइनच्या पाठलेबलांचा मजकूर तुम्हाला तयार करायचा आहे, आणि ‘मोन्तेपुल्चानो द’आब्रुत्सो’ व ‘विनो नोबिले दी मोन्तेपुल्चानो’ या दोन्ही नावांत एकच शब्द असल्यामुळे ‘द्राक्षाचा वाण’ या रकान्यात दोन्हीकडे ‘मोन्तेपुल्चानो’ लिहिले तर चालेल का, असे तुम्ही विचारले आहे. चालणार नाही. पहिल्या वाइनमध्ये तो वाण आहे, दुसऱ्या वाइनमध्ये ते गाव आहे.

मी वकील नाही आणि सीमाशुल्काची सल्लागारही नाही. मी आठ वर्षे या कागदपत्रांचे काम केले आणि आता त्या व्यवसायात नाही, त्यामुळे आपल्याकडच्या कार्यपद्धतीविषयी मी जे लिहीन ते आजच्या परिपत्रकांशी ताडून पाहावे. इटलीच्या नियमांविषयी मात्र मी थोड्या अधिक खात्रीने बोलू शकते. डीओसी, डीओसीजी आणि आयजीटी हे इटलीतील वाइनचे कायदेशीर दर्जे आहेत, हे तुम्हाला ठाऊक असेलच: डीओसी म्हणजे ठरावीक प्रदेशाला व नियमांना बांधलेले नाव, डीओसीजी त्याहून कडक आणि आयजीटी त्याहून सैल.

इटालियन नावांतील ‘दी’ किंवा ‘द’’ म्हणजे आपला चा-ची-चे, फक्त क्रम उलटा. त्याच्या नंतर येते ते स्थळ. ‘मोन्तेपुल्चानो द’आब्रुत्सो’ म्हणजे आब्रुत्सो प्रदेशातील मोन्तेपुल्चानो. आब्रुत्सो हा आपेनीन पर्वतरांगेच्या पूर्वेचा, आड्रियाटिक समुद्राकडचा प्रदेश असून 1968 पासून डीओसी असलेल्या या वाइनमध्ये मोन्तेपुल्चानो या वाणाचे प्रमाण किमान 85 टक्के असावे लागते. ‘विनो नोबिले दी मोन्तेपुल्चानो’ म्हणजे मोन्तेपुल्चानो गावची ‘उमराव’ वाइन. हे गाव तोस्काना प्रदेशातील सिएना प्रांतात एका टेकडीवर वसलेले आहे आणि तिथला मुख्य वाण सांजोवेझे आहे, किमान 70 टक्के. उरलेल्या 30 टक्क्यांत तोस्कानात लागवडीस मान्यता असलेले इतर वाण येऊ शकतात. ती 1980 मध्ये डीओसीजी दर्जा मिळालेल्या पहिल्या काही वाइनपैकी एक आहे, आणि द्राक्षतोडणीनंतरच्या 1 जानेवारीपासून दोन वर्षे मुरल्याशिवाय ती बाजारात आणता येत नाही. ‘दोहोंच्या किमतीत एवढा फरक का’ या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या दोन वर्षांत आहे. उरलेले अर्धे उत्तर नावाच्या वजनात आहे, आणि त्यावर माझे मत असे की आब्रुत्सोतील चांगल्या उत्पादकाची स्वस्त बाटली ही तोस्कानातील सुमार उत्पादकाच्या महाग बाटलीपेक्षा जेवणासोबत नेहमीच अधिक समाधान देते. पण ते असो.

‘दी’चा हा नियम सरसकट लावू नका. ‘बार्बेरा द’आस्ती’ किंवा ‘दोल्चेत्तो द’आल्बा’ यांना तो नीट लागू पडतो, परंतु ‘नेरो द’आवोला’ हे सगळे मिळून सिसिलीतील एका वाणाचेच नाव आहे, आणि इटलीच्या राष्ट्रीय वाण-नोंदवहीत तोच वाण ‘कालाब्रेझे’ या नावाने नोंदलेला असून ‘नेरो द’आवोला’ हे त्याचे पर्यायी नाव आहे. ‘ब्रुनेल्लो दी मोन्ताल्चिनो’मधील ‘ब्रुनेल्लो’ हे एकेकाळी वाणाचे स्थानिक नाव होते, आज ते वाइनचे नाव आहे. त्या बाटलीत 100 टक्के सांजोवेझेच असते.

आता माझी चूक सांगते. ती तुमच्या चुकीच्या पुढची आहे.

मीही प्रथम ‘विनो नोबिले’च्या रकान्यात ‘मोन्तेपुल्चानो’ लिहिले होते. ते एका कार्यालयाने (नाव घेत नाही) अडवले, कारण उत्पादकाच्या तांत्रिक पत्रकात त्या वाणाचा उल्लेखच नव्हता. तिथपर्यंत नुकसान फक्त एका पत्राचे आणि चार दिवसांचे होते. दुरुस्तीच्या अर्जात पत्रकात होते तसे ‘सांजोवेझे’ लिहून दिले असते तर प्रकरण तिथेच मिटले असते. परंतु मी त्याच सुमारास वाइनचा एक अभ्यासक्रम पूर्ण केला होता, आणि मोन्तेपुल्चानो गावात सांजोवेझेला ‘प्रुन्योलो जेंतीले’ म्हणतात हे मला नव्यानेच कळले होते. पहिल्या चुकीची लाज वाटत होती, म्हणून दुसऱ्या वेळी आपण किती अचूक आहोत हे दाखवण्याचा मोह मला आवरला नाही आणि मी रकान्यात ‘प्रुन्योलो जेंतीले’ लिहिले. माहिती खरी होती. तरीही तो शब्द माझ्या संपूर्ण नोकरीतील सर्वांत महाग शब्द ठरला.

उत्पादकाच्या पत्रकात ‘सांजोवेझे’, माझ्या अर्जात ‘प्रुन्योलो जेंतीले’ आणि आधीच्या अर्जात ‘मोन्तेपुल्चानो’, अशी एकाच बाटलीविषयी तीन नावे आता त्या कार्यालयाच्या धारिकेत होती. ‘सांजोवेझे’ आणि ‘प्रुन्योलो जेंतीले’ ही दोन नावे एकाच द्राक्षाची आहेत याचा पुरावा द्या, असे पत्र आले. मी एका नामांकित संदर्भग्रंथाच्या पानाची छायाप्रत दिली, तर खासगी प्रकाशन ग्राह्य धरता येत नाही असे उत्तर मिळाले. उत्पादकाकडून सही-शिक्क्याचे पत्र मागवले, तर उत्पादक हा हितसंबंधी पक्ष आहे असे सांगण्यात आले. मग कोणता पुरावा ग्राह्य आहे, हे मी चार वेळा लेखी विचारले आणि चारही वेळा ‘योग्य तो पुरावा सादर करावा’ एवढाच मजकूर परत आला. समोर बसलेल्या गृहस्थांना मी म्हणाले की एका पावतीवर ‘हापूस’ आणि दुसऱ्या पावतीवर ‘अल्फान्सो’ लिहिले असेल तर तुम्ही आंब्याची पेटी अडवाल का? ते शांतपणे म्हणाले, “अडवू.” त्या क्षणी मला संताप आला होता, पण आज मागे वळून पाहताना एवढे मान्य करते की सर्व कागदांवर एकच शब्द असावा ही त्यांची अपेक्षा चुकीची नव्हती. अपेक्षा काय आहे हे नऊ आठवडे न सांगणे मात्र चुकीचे होते, आणि त्याविषयी माझा राग अजूनही गेलेला नाही.

हे सर्व एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत चालले, आणि त्या काळात माल बंधित गोदामात, म्हणजे सीमाशुल्कातून सुटेपर्यंत तो ठेवतात तिथे, पत्र्याच्या छपराखाली पडून होता. वाइन तापली की फुगते आणि बूच वर ढकलते, मग बुचाच्या कडेने ती झिरपू लागते. माल सुटला तेव्हा अनेक बाटल्यांचे बूच वर आलेले होते आणि काहींच्या मानेवरचे वेष्टन चिकट झाले होते. जी वाइन झिरपली नव्हती तिलाही शिजवलेल्या फळाचा वास येत होता. विमा कंपनीने विलंब हे नुकसानीचे कारण मानले नाही. मालकांनी मला एक शब्दही बोलून दाखवला नाही, आणि त्याचाच त्रास अधिक झाला. (जाता जाता सांगते, उन्हाळ्यात माल येणार असेल तर वातानुकूलित बंधित गोदामाची जागा आधी ठरवा आणि मगच जहाजाची तारीख घ्या. तिथले भाडे जास्त वाटते, पण ते तुलनेने काहीच नाही.)

शेवटी सुटका झाली ती एका कंसामुळे. इटलीतील प्रत्येक डीओसी आणि डीओसीजी वाइनची एक नियमावली असते, तिला ‘दिशिप्लिनारे’ म्हणतात. ती कृषी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असते, आणि युरोपीय संघाच्या ‘ई-अम्ब्रोसिया’ या नोंदणीतही त्या त्या नावाची नोंद सापडते. पहिल्या कलमात नाव, दुसऱ्यात वाण व त्यांचे प्रमाण, तिसऱ्यात प्रदेशाच्या सीमा, चौथ्यात द्राक्षबागेचे व उत्पादनमर्यादेचे नियम, पाचव्यात निर्मिती आणि मुरवणीचा काळ, सहाव्यात तयार वाइनची वैशिष्ट्ये आणि सातव्यात लेबलाचे नियम, असा क्रम बहुतेक ठिकाणी आढळतो. ‘विनो नोबिले’च्या दुसऱ्या कलमात सांजोवेझेच्या नावापुढेच कंसात, या वाणाला मोन्तेपुल्चानोत ‘प्रुन्योलो जेंतीले’ म्हणतात, असे लिहिलेले आहे. शासकीय मजकूर, दोन्ही नावे एकाच वाक्यात. मी त्या एका पानाचे प्रमाणित भाषांतर करून दिले आणि दोन दिवसांत माल सुटला. ते पान पहिल्या दिवसापासून सर्वांना मोफत उपलब्ध होते, आणि मी आठ आठवडे पुस्तके चाळत बसले होते.

म्हणून माझे ठाम, कदाचित थोडे हट्टी मत असे आहे की या कामात वाइनचे ज्ञान दाखवू नये. उत्पादकाच्या पत्रकातील शब्द दुसऱ्या कलमातील मुख्य शब्दाशी जुळतो का ते पाहावे, आणि जुळत असेल तर तोच शब्द, त्याच स्पेलिंगने, बीजकापासून लेबलापर्यंत सगळीकडे लिहावा. जुळत नसेल तर माल निघण्यापूर्वी उत्पादकाकडून पत्रक बदलून घ्यावे. स्थानिक नावे चवीच्या गप्पांसाठी राखून ठेवावीत. नेब्बिओलोला उत्तर पिएमोंतेत ‘स्पान्ना’ आणि वाल्तेल्लिनात ‘क्यावेन्नास्का’ म्हणतात. लिगुरियातील ‘पिगातो’ आणि पिएमोंतेतील ‘फावोरिता’ हे दोन्ही वेर्मेंतिनोच आहेत. उलट प्रकारही आहे. ‘त्रेब्बियानो’ या एका नावाखाली परस्परांशी नाते नसलेले अनेक वाण मोडतात, आणि ‘त्रेब्बियानो दी सोआवे’ तर प्रत्यक्षात वेर्दिक्किओ आहे. त्यामुळे पत्रकात नुसते ‘त्रेब्बियानो’ लिहिलेले आढळले तर ‘कोणता?’ असे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जुन्या पत्रकांपासूनही सावध राहा. 2009 मध्ये ‘प्रोसेक्को’ हे नाव केवळ प्रदेशासाठी राखून ठेवण्यात आले आणि वाणाचे नाव ‘ग्लेरा’ झाले. त्याचप्रमाणे हंगेरीच्या तोकाय वाइनच्या हक्कामुळे फ्रिउलीतील ‘तोकाय फ्रिउलानो’ हे नाव 2007 नंतर वापरता येईनासे झाले आणि वाइन ‘फ्रिउलानो’ या नावाने विकली जाऊ लागली. काही उत्पादक आपली पत्रके वर्षानुवर्षे बदलत नाहीत, आणि त्याचे फळ भोगतो तो आयातदार.

तुमच्या ‘विनो नोबिले’च्या पत्रकात ‘सांजोवेझे 80, कानायोलो 15, माम्मोलो 5’ असे दिले आहे, ही गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली असली तरी माझ्या मते महत्त्वाची आहे. युरोपीय नियमानुसार लेबलावर एकच वाण लिहायचा असेल तर त्याचे प्रमाण किमान 85 टक्के असावे लागते, आणि दोन किंवा अधिक वाण लिहायचे असतील तर सगळे लिहून, उतरत्या क्रमाने, बेरीज 100 टक्के व्हावी लागते. म्हणजे 80 टक्क्यांवर नुसते ‘सांजोवेझे’ लिहिणे तिथल्या नियमात बसत नाही. हा नियम आपल्याकडच्या पाठलेबलाला जसाच्या तसा लागू होतो का, यावर मी ऐकलेली मते वेगवेगळी आहेत, पण पुढच्या आणि मागच्या लेबलांत विसंगती नको एवढ्याच कारणासाठी मी तिन्ही वाण लिहीन. आब्रुत्सोच्या बाटलीत 100 टक्के मोन्तेपुल्चानो असेल तर तिथे प्रश्नच नाही.

‘रिझेर्वा’ आणि ‘क्लासिको’ या शब्दांचे मराठीत किंवा इंग्रजीत भाषांतर करू नका, अशी आणखी एक विनंती आहे. ‘क्लासिको’ म्हणजे जुन्या पद्धतीची वाइन नव्हे, तर त्या नावाचा मूळ, ऐतिहासिक भूभाग. ‘रिझेर्वा’ म्हणजे अधिक काळ मुरवलेली वाइन, पण तो काळ प्रत्येक नियमावलीत वेगळा असतो. कियांती क्लासिकोसाठी तो 24 महिने आहे, बारोलोसाठी 62 महिने, आणि ‘विनो नोबिले’साठी तीन वर्षे. मी एका लेबलावर त्याचे भाषांतर ‘खास राखीव’ असे केलेले पाहिले आहे, ज्यातून ग्राहकाला काहीच कळत नाही आणि तपासणाऱ्याला प्रश्न विचारायला जागा मिळते.

तुमच्या यादीत पुढे ‘रोस्सो दी मोन्तेपुल्चानो’ येण्याची शक्यता आहे, कारण ‘विनो नोबिले’ बनवणारे बहुतेक उत्पादक तीही बनवतात. तिथेही मोन्तेपुल्चानो हे गावच आहे आणि वाण पुन्हा किमान 70 टक्के सांजोवेझे आहे. हा गोंधळ केवळ आपलाच नाही, इटलीतही तो इतका होतो की आता ‘विनो नोबिले’च्या लेबलावर ‘तोस्काना’ हा शब्द घालणे सक्तीचे केले आहे. तुमच्या बाटलीच्या छायाचित्रावर तो शब्द दिसत नसेल तर लेबल जुन्या नियमांनुसार छापलेले असण्याची शक्यता आहे, तेही उत्पादकाला विचारून घ्या. आणि हे सर्व प्रश्न एकाच पत्रात, जुलै संपण्यापूर्वी पाठवा. ऑगस्टमध्ये तिथली कार्यालये सुट्टीवर असतात, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्राक्षतोडणी सुरू झाली की तुमचे पत्र उघडायलाही कोणी जागेवर नसते.