निर्णय बिघडला की आधी गोळ्यांची चिठ्ठी पाहा

मेंदू आणि निर्णय या विषयावर तेच तेच प्रश्न पुन्हा येत आहेत, म्हणून एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझा उजवा मेंदू जास्त चालतो, म्हणून मी भावनेच्या भरात निर्णय घेते का?

उत्तर : नाही. प्रत्येक निर्णयात मेंदूच्या दोन्ही बाजू काम करतात.

प्रश्न : मुलगा दहावीत आहे. बोटांच्या ठशांवरून मेंदू ओळखून शाखा सुचवतात. पाच हजार मागितलेत. करून घ्यावे?

उत्तर : अजिबात नको. बोटांवरच्या रेषा जन्माआधीच ठरतात, त्यांतून कल किंवा बुद्धी कळत नाही. पालकांच्या काळजीवर चाललेला हा धंदा आहे. मुलाशी बोला, शाळेच्या समुपदेशकांना भेटा.

प्रश्न : वडिलांना कंपवात आहे. जन्मात जुगार न खेळलेला माणूस आता रोज लॉटरीची दहा-दहा तिकिटे आणतो. आई म्हणते, म्हातारपणी स्वभाव बिघडला.

उत्तर : स्वभावाला दोष देण्याआधी चिठ्ठी पाहा. तीत प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोल ही कंपवातावरची औषधे आहेत का? अपेक्षेपेक्षा जास्त मिळाले की डोपामाइन या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनाच्या पेशी जोरात संदेश देतात, कमी मिळाले की थंडावतात. त्यातूनच ‘पुन्हा करावे की नको’ हे मेंदू शिकतो. ही औषधे डोपामाइनचे काम सतत चालू ठेवतात, त्यामुळे हरल्याची खूण नीट पोचत नाही. अमेरिका-कॅनडातल्या ३,०९० कंपवाताच्या रुग्णांचा अभ्यास २०१० साली छापला गेला. त्यात या गटातली औषधे घेणाऱ्या सुमारे १७ टक्के रुग्णांना जुगार, खरेदी, खाणे किंवा लैंगिक वर्तन आवरत नव्हते. माझ्या एका रुग्णाच्या माळ्यावर अकरा मिक्सर निघाले, एकही खोके उघडलेले नव्हते. पत्नी लाजेपोटी दीड वर्ष गप्प राहिली. कृपा करून असा उशीर करू नका. बऱ्याच जणांत डोस कमी केला किंवा औषध बदलले की हे ओसरते. पण गोळी स्वतःहून बंद करू नका, एकदम थांबवली तर अंग आखडते आणि जिवावरही बेतू शकते. याच आठवड्यात मेंदूविकारतज्ज्ञांना भेटा, आईलाही सोबत न्या, आणि तोवर बँकेचे व्यवहार घरच्या कुणाच्या तरी नजरेखाली ठेवा.

प्रश्न : आपल्याआधी मेंदूच निर्णय घेतो म्हणतात. मग इच्छाशक्ती खोटी का?

उत्तर : १९८३ साली अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांना प्रयोगात हात हलवण्याच्या सुमारे अर्धा सेकंद आधी मेंदूत हालचाल दिसली, आणि ‘आता हलवू’ ही जाणीव त्यानंतर आली. पण तो प्रयोग हात कधी हलवायचा एवढ्यापुरता होता, घर विकावे की नाही याचा नव्हता. साधे निर्णयही आठवडेच्या आठवडे अडत असतील, तर मात्र तपासून घ्या.