वरातीतला ब्रास बँड इंग्रजांनीच आणला का?

हो, आपल्या दापोली-गुहागरकडे वरातीत लाल कोट घालून रांगेत चालणारा बँड आला तो इंग्रजी पलटणींमधूनच, पण मूळ कल्पना त्यांचीही नाही, तुर्कांची. ओस्मानी सुलतानाच्या फौजेत मेहतेर नावाचं वाद्यपथक असायचं, त्यात नगारे, झांजा, झुर्ना म्हणजे आपल्या सनईचीच बहीण आणि दावुल नावाचा मोठा ढोल, एका बाजूवर जाड टिपरू, दुसऱ्या बाजूवर बारीक छडी. १८व्या शतकात युरोपातल्या राजांनी ते बघून मोठा ड्रम आणि झांजा आपल्या पलटणीत घेतल्या, मग १८१८च्या सुमारास जर्मनीत हॉर्नला व्हॉल्व्ह बसवले आणि पितळी वाद्यावर सगळे सूर नीट वाजायला लागले, माझ्या मते आजचा बँड खरा तिथून सुरू होतो. मी चिपळूणकडे वरातीत ट्रम्पेट वाजवतो, बोटांखाली जे तीन खटके असतात ती तीच करामत. फक्त शिमग्यात पालखीपुढे वाजणारे ढोल आणि खालूबाजा यात धरू नका हां, सनई-टिमकी-ढोलाचा तो मेळ आपल्या मातीतलाच, पलटणीतून आलेला नाही.