डर्ट बाईकचा सिलिंडर : बोअर मारायचा की प्लेटिंग?

प्रश्न : माझ्या वायझेड २५० एफच्या सिलिंडरला एक्झॉस्टच्या बाजूने उभे ओरखडे पडलेत. बोरिंगवाले म्हणतात, अर्धा मिमी काढून मोठा पिस्टन टाकू. टाकू का, भाऊ? (चोपडा)

उत्तर : नका टाकू. या सिलिंडरला बिडाची स्लीव्ह (आतली नळी) नाही. ॲल्युमिनियमच्या भिंतीवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा थर चढवलेला असतो (हेच प्लेटिंग), जाडी जेमतेम ०.१ मिमी. अर्धा मिमी बोअर म्हणजे प्रत्येक बाजूने ०.२५ मिमी कापलं जाणार. थर संपला आणि पिस्टन उघड्या ॲल्युमिनियमवर घासू लागला की गाडी पुन्हा जाम. शंका असेल तर आतून लोहचुंबक लावून बघा. बिडाला तो घट्ट चिकटतो, इथे धड धरत नाही.

ओरखडा दिसला म्हणजे थर गेलाच, असंही नाही. बऱ्याचदा पिस्टनचं ॲल्युमिनियम वितळून भिंतीला लिंपलेलं असतं. फरशी साफ करायचं हायड्रोक्लोरिक ॲसिड कापसाच्या बोळ्याने फक्त त्या डागावर लावा; हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा हवीच. डाग फसफसत विरघळतो. तो गेल्यावर फेस थांबला, तर खाली थर शाबूत आहे. डाग जाऊनही फेस येतच राहिला, तर ॲसिड सिलिंडरचंच ॲल्युमिनियम खातंय, म्हणजे थर फाटला. लगेच भरपूर पाण्याने धुवा, मग खाण्याच्या सोड्याचं पाणी फिरवा. शेवटी नख आडवं ओढून बघा. अडकलं तर प्लेटिंगला पर्याय नाही.

प्लेटिंगवाले जुना थर रसायनाने उतरवतात, खोल खाच टिग वेल्डिंगने भरतात, बोअर सरळ करतात, नवा थर चढवतात आणि हिऱ्याच्या दगडांनी हॉनिंग करून (भिंत बारीक घासून) पिस्टनच्या मापाला आणतात. म्हणून सिलिंडरसोबत नवा पिस्टनही पाठवा. नुसतं ‘७७ मिमी स्टँडर्ड’ लिहून पाठवणं हीच नेहमीची चूक. क्लिअरन्स (पिस्टन आणि भिंतीमधली फट) मिमीच्या शंभराव्या भागात मोजतात, तो अंदाजाने जमत नाही. सिलिंडर परत आला की पिस्टनची रिंग आत सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) बघा. ७७ मिमी बोअरला साधारण ०.३ मिमी लागते. पिस्टन किटच्या कागदावर वेगळं माप असेल तर ते धरा.

प्रश्न : आरएक्स १०० ला ०.५० ओव्हरसाइज पिस्टन टाकला, दोनशे किलोमीटरमध्ये रिंग तुटली. पिस्टन खराब निघाला का? (अमळनेर)

उत्तर : पिस्टनवर बोट ठेवण्याआधी पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या, वायू ये-जा करणाऱ्या भोकांच्या) कडा बघा. इथे भिंत बिडाची, बोअर ५० चा ५०.५० केला (सीसी ९८ वरून जेमतेम १०० होते), इथवर ठीक. पण बोअर मारल्यावर पोर्टच्या कडा ब्लेडसारख्या धारदार होतात. रिंग पोर्टसमोर येताना थोडी बाहेर फुगते आणि त्या धारेत अडकते. कडांची धार बारीक दगडाने गोलसर मारून घ्यावी लागते. घाईत हेच काम राहून जातं.

दुसरा संशय धुण्यावर. नुसत्या पेट्रोलने हॉनिंगची भुकटी रेषांतून निघत नाही. गरम पाणी, कपड्याचा साबण आणि ब्रश वापरा, मग ऑइल लावलेलं पांढरं फडकं फिरवा. फडकं करडं होतंय तोवर पुन्हा धुवा. कापसाच्या मुलखात फडक्याची काटकसर कशाला?

प्रश्न : एका हंगामात दोनदा रिंग बदलल्या. (शहादा)

उत्तर : तिसऱ्यांदा बदलण्याआधी एअर फिल्टर काढून कार्ब्युरेटरकडच्या नळीत बोट फिरवा. बोटाला काळ्या मातीची पूड लागली, तर फिल्टर नीट बसत नाही आणि तीच पूड आत जाऊन रिंग झिजवते. फोम धुऊन पूर्ण वाळवा, फिल्टर ऑइल पिळून सारखं पसरवा, आणि बसायच्या कडेला ग्रीसची रेघ ओढा. एप्रिल-मेच्या फुफाट्यात हे प्रत्येक राइडनंतर करायचं.